मुंजाजीची वाफ

मुंजा,

परवा मोशीला इंद्रायणीच्या घाटावर तुझा दहावा झाला. सकाळी आठलाच माणसं जमली होती. निम्मी आपल्या कंपनीतली, काही चिखलीच्या तुमच्या सोसायटीतली आणि परभणीकडून गाडी भरून आलेले तुझे भाऊबंद. कावळा लगेच शिवला. कुणाला ताटकळत ठेवणं तुला जमायचंच नाही, असं मी मनात म्हटलं आणि मलाच चपराक बसली. कारण तुझ्याबद्दल सगळ्या कंपनीत जी एक गोष्ट प्रसिद्ध आहे ती बरोबर उलटी आहे. ती तशी का झाली, हे दोनच माणसांना ठाऊक होतं. त्यातला एक तू.

मला तुझे आभार मानायचे आहेत. आभार मानायचे तर आधी काय घडलं ते सांगावं लागतं, आणि ते मी बावीस वर्षं सांगितलं नाही. हे सगळं तुला पाठ आहे. पण हा कागद तुझा अमोलही वाचणार आहे, म्हणून जे तुला माहीत आहे तेही लिहितो. तू म्हणशील, सुध्या लई पाल्हाळ लावतो. लावू दे, आज तुला उठून जाता येणार नाही.

आपण भेटलो ते मोठ्या औष्णिक वीज केंद्रात, अप्रेंटिस म्हणून. तू परभणीकडचा, मी चिपळूणचा. पहिल्याच दिवशी यादी वाचली गेली, तुला बॉयलर मिळाला, मला टर्बाइन, आणि तिथंच आपली दोन घराणी ठरली. तुमच्या नाकाकानांत राख, आमच्या हॉलमधली फरशी दिवसातून दोनदा पुसलेली. आम्ही म्हणायचो, वीज आम्ही बनवतो. तू म्हणायचास, वाफ नसली तर तुमचं टर्बाइन म्हणजे नुसतं लोखंडाचं धूड. वाफ येते, पात्यांवर आदळते, दांडा फिरतो, त्याला जोडलेला जनरेटर वीज करतो. एवढ्या साध्या गोष्टीत मोठेपणा कुणाचा, यावर आपण उभा जन्म भांडलो.

तिथं कोळसा चक्कीत दळायचे. तोंडाला लावायच्या पावडरीइतका बारीक करायचे आणि गरम हवेच्या झोतावर भट्टीत उडवायचे. तो उडता उडताच पेटायचा. चार कोपऱ्यांतून चार झोत यायचे आणि मध्ये जाळ गरगर फिरायचा. तू पहिल्यांदा भट्टीच्या दारातल्या लहानशा काचेतून आत पाहिलंस. जेवताना म्हणालास, "हा जाळ मला काही आवडला न्हाई, सुध्या. आत काय चाललंय तेच कळंना. नुसतं पीठ फेकायलेत."

मी हसलो होतो. एवढा कोळसा दुसऱ्या कशानं जळणार, असं मी विचारलं तर तू म्हणालास, "जळतोय की. पण मला ओळख देईना." कोळशानं आपल्याला ओळख द्यावी अशी अपेक्षा करणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

पुढे नोकरीसाठी दोघंही इकडे आलो. आकुर्डीच्या त्या एका खोलीत आपण पाच वर्षं काढली. मी भात लावायचो, तू भाकरी थापायचास. मला भाकरी आवडत नाही म्हणून तू मला कोकण्या म्हणायचास, आणि मग माझ्याच ताटात पहिली भाकरी टाकायचास. एकदा मी तुला टर्बाइनच्या दांड्याबद्दल सांगत होतो. आम्ही त्याला रोटर म्हणतो. तापलेला रोटर थांबवला तरी तसाच पडू द्यायचा नसतो, गार होईपर्यंत मोटर लावून अगदी हळू फिरवत ठेवायचा, कारण एका अंगावर पडून राहिला तर वरची बाजू गरम राहते, खालची गार होते आणि तो वाकतो. केसभरच वाकतो, पण तेवढं पुरतं. तसाच वेगात फिरवला तर आतली पाती घासतात, कधी अख्खं मशीन उखडतं. मी हे मोठ्या ऐटीत सांगत होतो. तू तव्यावरची भाकरी उलटवलीस आणि म्हणालास, "मंग ही काय करायलीय? एका अंगावर ठिवली की हीबी कडा वर घेती." माझं अर्ध्या तासाचं व्याख्यान तू एका भाकरीत संपवलंस.

मग कुरुळीजवळच्या कंपनीनं स्वतःचं लहान वीजघर बांधलं आणि आपण दोघं तिथं लागलो. एक बॉयलर, एक टर्बाइन, मध्ये एक भिंत. बॉयलर जाळीचा होता. लोखंडी कड्यांची रुंद जाळी, मुंगीच्या पावलानं सरकणारी. एका टोकाला तिच्यावर कोळशाचा थर पडायचा, पेटायचा, जळत जळत पुढे जायचा आणि दुसऱ्या टोकाला नुसती राख होऊन खाली पडायचा. तू तो जाळ पाहिलास आणि माहेरी आलेल्या बाईसारखा खुलून गेलास. दार किलकिलं करून तू नुसत्या रंगावरून सांगायचास. पिवळा धमक असला तर बरा. लालसर, धुरकट झाला तर हवा कमी पडतेय. डोळ्यांत भरणारा पांढरा झाला तर हवा जास्त आणि कोळसा फुकट. मीटर नंतर तेच सांगायचा. मी मात्र मीटरवर विश्वास ठेवणारा माणूस, मी तुला अडाणी म्हणायचो. माफ कर.

आता त्या दिवसाबद्दल.

परदेशातली काही माणसं कंपनी बघायला येणार होती. साहेबांना त्यांना वीजघर चालू दाखवायचं होतं. आणि त्याच सकाळी आमच्या टर्बाइनच्या तेलाच्या पाइपवर, जोडातून तेल झिरपायला लागलं. जोडाच्या फटीत बसवायचं गॅस्केट बदलायला हवं होतं. मी साहेबांना शब्द दिला की सकाळी मशीन थांबवतो आणि बाराच्या ठोक्याला पुन्हा फिरवतो. गॅस्केट बदलायचं तर तेल बंद करावं लागतं, आणि तेल बंद असताना रोटर हळूही फिरवता येत नाही. म्हणून नियम असा की आधी रोटर पुरता गार होऊ द्यायचा, मग तेल बंद करायचं. त्यात दिवस जातो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मीच ते शिकाऊ पोरांना शिकवायचो. पण मी म्हटलं, वीस मिनिटांचं काम आहे, वीस मिनिटांत काय आभाळ कोसळतंय.

जोडाचा बोल्ट तुटला. अर्धा आतच अडकून बसला. वीस मिनिटांचे दोन तास झाले आणि दोन तास तापलेला रोटर एका जागी पडून राहिला. साडेनऊला मी तेल सुरू केलं, हळू फिरवायची मोटर लावली आणि दांड्यावर डायल टेकवला. त्या डायलची एक रेघ म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. काटा दोन-तीन रेघा हलला तर चालतं. माझा काटा चौदा रेघा हलत होता.

उपाय एकच होता, थांबायचं. वाकलेला रोटर तसाच हळू फिरवत ठेवला तर तासातासानं सरळ होत जातो. पण थांबायचं तर साहेबांना सांगायला हवं होतं की मी नियम मोडला. त्याच महिन्यात इन-चार्जची जागा भरायची होती आणि नावं दोनच होती, तुझं आणि माझं. मी तोंड उघडलं नाही. बारा वाजेपर्यंत चौदाचे दहा झाले तर वाफ घेऊन बघू, असा विचार माझ्या डोक्यात चालला होता. त्या हॉलमध्ये माझ्याशिवाय चार माणसं काम करत होती.

साडेअकराला तू आलास. खुशीत होतास. "अर्धा तास आधीच तयार हाय माझी वाफ. तू कवा घेतोस?" मी डायलच्या पुढे उभा होतो, अंगानं तो झाकून. तू माझ्या खांद्यावरून वाकून काट्याकडे पाहिलंस. मग माझ्या तोंडाकडे पाहिलंस. मला वाटलं, आता शिव्या घालशील. तू तसाच वळलास आणि गेलास.

दहा मिनिटांनी भिंतीपलीकडून साहेबांचा आवाज चढलेला ऐकू आला. बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते दाखवणाऱ्या दोन काचा असतात. त्यातली एक गळतेय, ती बदलल्याशिवाय मी वाफ देणार नाही, असं तू साहेबांना सांगत होतास. साहेब म्हणाले, दुसरी आहे ना धड? तू म्हणालास, "एका डोळ्यानं बॉयलर चालवत न्हाईत, साहेब. कायद्यात बसत न्हाई." कायद्याचं नाव निघाल्यावर साहेब माघारी फिरले.

काच धड होती, मुंजा. सकाळी चहा प्यायला आलो तेव्हा मी तिच्याजवळच उभा होतो. तू ती चांगली काच स्वतःच्या हातांनी सोडवलीस, पुसलीस, तिच्या खाचा साफ केल्यास, नवी वॉशरं शोधायला स्टोअरमध्ये गेलास, ती मापाची नाहीत म्हणून परत आलास आणि पुन्हा गेलास. एरवी ते काम तू बोलता बोलता करायचास. त्या दिवशी तू ते एखाद्या ढिल्या माणसासारखं करून दाखवलंस. एवढं एकच नाटक तू आयुष्यात केलंस, आणि तेही सगळ्यांसमोर स्वतःला मूर्ख ठरवणारं.

आणि खाली भट्टीत जाळ होता, तो वेगळाच. विझवला असतास तर पुन्हा पेटवून दाब आणायला रात्र झाली असती. तसाच ठेवला असतास तर दाब चढून जादा वाफ बाहेर सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह गर्जत उघडला असता आणि वाफ तयार आहे हे कुरुळीच्या वेशीपर्यंत कळलं असतं. तू कोळशाचा थर पातळ केलास, पंख्याची हवा आवळलीस, जाळी जेमतेम सरकेल इतकी धीमी केलीस, आणि तो जाळ सहा तास निजवून ठेवलास. तान्हं मूल रडूही नये आणि पुरतं जागंही होऊ नये म्हणून थोपटत बसतात, तसा. काच हातात आणि लक्ष जाळावर. बॉयलर मला कळत नाही, पण एवढं कळतं की हे फार थोड्यांना जमलं असतं.

दर अर्ध्या तासानं आमच्या हॉलमधला फोन वाजायचा.

"किती?"

"बारा."

फोन बंद. अर्ध्या तासानं पुन्हा.

"किती?"

"अकरा."

एवढंच बोलणं. मधल्या वेळात साहेब दोनदा तुझ्यावर ओरडून गेले. पाहुणे आले, बंद पडलेलं टर्बाइन बघून माना डोलावून गेले, कँटीनमध्ये जेवले आणि त्यांच्या गाड्या परत पुण्याकडे लागल्या. मी खिडकीतून त्या जाताना पाहिल्या. साडेपाचला तू विचारलंस, किती. मी म्हटलं, तीन. तू म्हणालास, "घे वाफ."

मशीन लोण्यासारखं फिरलं.

दुसऱ्या दिवशी तुला मेमो मिळाला. बॉयलर वेळेत तयार न ठेवणे, कामात हलगर्जी. मी धावत तुझ्याकडे आलो. "मुंजा, मी साहेबांना खरं सांगतो." तू राखेच्या दारापाशी वाकला होतास, वळलाही नाहीस. "रोटर सरळ हाय का?" हो म्हटलं. "मंग झालं की. सांगून तुझी नोकरी जाईल. आन् माझी काच धड व्हती, मी खोटं बोललो, हे बी निघंल. दोघं बी घरी बसू. गप बस." आणि लगेच, काही झालंच नाही अशा आवाजात, तू मला विचारलंस की त्या मोठ्या केंद्रातला दळलेला कोळसा असा सहा तास निजवता आला असता का. तिथून वाद सुरू झाला तो जेवणाच्या सुट्टीपर्यंत.

मी गप्प बसलो. तेव्हा तू सांगितलंस म्हणून, आणि पुढची वर्षं माझ्या सोयीनं. महिन्याभरात मी इन-चार्ज झालो. पेढे घेऊन आलो तर तू दोन उचललेस आणि म्हणालास, आता तरी वाफेला नावं ठेवू नकोस. तू निवृत्त होईपर्यंत बॉयलर अटेंडंटच राहिलास. आणि कंपनीत एक म्हण तयार झाली. जेवणाची गाडी उशिरा आली, मुंजाजीची वाफ. बस निगडीच्या चौकात अडकली, मुंजाजीची वाफ. ज्यांनी तुला कधी बॉयलरवर पाहिलं नाही ती नवी पोरंही म्हणायची, "आलोच भावा, मुंजाजीची वाफ न्हाई करत." तू तिथंच असलास तरी म्हणायची. तूही हसायचास. मी एकदाही कुणाला थांबवलं नाही.

ते हसणं कंपनीच्या गेटच्या आत राहिलं असतं तर कदाचित मी ते असंच वाहून नेलं असतं. पण अमोल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला असताना मी एका रविवारी तुमच्याकडे आलो होतो. त्याला कुठल्याशा मुलाखतीला जायचं होतं, तू त्याच्या कागदांच्या झेरॉक्स आणायला गेला होतास आणि दुकान बंद म्हणून उशिरा आलास. पोरगा घाबरलेला होता, त्या भरात बोलून गेला. "तुमचं सगळं त्या वाफेसारखंच लेट. म्हणून तर जन्मभर अटेंडंट राहिलात. काका बघा कुठं गेले." रुक्मिणवहिनी स्वयंपाकघराच्या दारात थबकल्या. माझ्या हातात पोह्यांची बशी होती. मुंजा, त्या वेळी दोन वाक्यं पुरली असती. तू माझ्याकडे पाहिलंससुद्धा नाहीस, मला अडचण होऊ नये म्हणून. म्हणालास, "सुध्या, चहा गार व्हायलाय." मी चहा प्यालो. त्या दिवशीच्या गप्प बसण्याला मी भीतीचं नाव देऊ शकतो. ह्या गप्प बसण्याला माझ्याकडे नाव नाही.

तरीही तुझी आठवण काढली की आधी मला ते आठवत नाही, बरंच चांगलं आठवतं. इन-चार्ज म्हणून मी बरा होतो असं लोक म्हणतात. घाई करत नाही, कुणाच्या दबावाला भीक घालत नाही, शंका आली की मशीन थांबवतो, अशी माझी ख्याती झाली. ती सगळी त्या सहा तासांत मिळालेली आहे. कुणी पोरगा चूक लपवायला लागला की मला त्याच्या तोंडावरून कळायचं, कारण ते तोंड माझं होतं. मी त्याला बाजूला घ्यायचो आणि सांगायचो, आत्ता सांग, मी बघतो साहेबांचं. एवढं तरी मी तुझ्याकडून उचललं.

आणि ती वाळूची गंमत. जाळीचा बॉयलर काढून नवा आला, त्यात खालून हवा सोडून वाळूच उकळवायची आणि त्या उकळत्या वाळूत कोळशाची चुरी टाकायची. हलका कोळसाही त्यात नीट जळतो. तू पहिल्या दिवशी आत पाहून म्हणालास, "पिठलं खदखदायलंय." आठ दिवस तू त्याच्याशी बोलत नव्हतास. मग एका सकाळी मी आलो तर तू डोळे मिटून, भट्टीच्या भिंतीला तळहात लावून उभा. "हितं दाट झालंय," म्हणालास, आणि तिथंच वाळू घट्ट झालेली निघाली. मी मीटर बघायचं सोडलं नाही, पण त्या दिवसापासून आधी तुझ्याकडे बघायचो आणि मग मीटरकडे. हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू महिनाभर डोक्यावर बसला असतास.

आता तो बॉयलरही गेला. कंपनीनं छपरावर सोलर घातलं, उरलेली वीज बाहेरून येते. गॅसकटरनं त्याचे तुकडे करत होते तेव्हा मी गेलो होतो, तुला न्यायचं धाडस झालं नाही. शेवटच्या रविवारी तुझ्याकडे आलो तेव्हा मी वाक्य ठरवून आलो होतो. अमोल घरातच होता, लॅपटॉप घेऊन बाहेरच्या खोलीत. त्याला हाक मारायची, तुझ्या पलंगाशी बसवायचं आणि सांगायचं. पण मी खुर्ची ओढायच्या आत तूच बोललास. दम लागत होता तरी बोललास. "सुध्या, कोळसा तर गेला. आता तरी कबूल कर, जाळीचाच बॉयलर बरा व्हता."

मी म्हटलं, मुळीच नाही. जाळीवर निम्मा कोळसा अर्धवट जळायचा. तू म्हणालास, निम्मा? मी म्हटलं, बरं, थोडा. तू म्हणालास, तुला जाळ कळत न्हाई. मी म्हटलं, तुला आकडे कळत नाहीत. तू हसायला लागलास आणि हसता हसता खोकला आला, वहिनी पाणी घेऊन धावल्या आणि मला डोळ्यांनीच आता निघा म्हणाल्या. मी निघालो. चार दिवसांनी सकाळी अमोलचा फोन आला. वाद तसाच अर्धा राहिला, त्याचं मला काही वाटत नाही, तो संपला असता तर आपण बोललो कशावर असतो? पण मी ठरवून आणलेलं वाक्य तसंच खिशात घेऊन परत गेलो, याचं फार वाटतं.

तर परवा घाटावर. प्रवचन झालं, मग माइकवर श्रद्धांजली. सोसायटीचे चेअरमन बोलले, तुझा भाऊ बोलला. मग आपले साहेब उठले. आता काठी घेऊन चालतात. तुझ्याबद्दल मनापासून बोलले. असा जाळ ओळखणारा माणूस पुन्हा पाहिला नाही, म्हणाले. आणि मग, वातावरण जरा हलकं करावं म्हणून, "फक्त एकदाच त्यानं आमची फजिती केली. मुंजाजीची वाफ!" आपली कंपनीची माणसं हसली. हळूच, प्रेमानं हसली. अमोल पहिल्या ओळीत बसला होता, मुंडण केलेलं डोकं खाली घालून. तोही हसला, जसं तू हसायचास तसं. ते मला बघवलं नाही.

माझं नाव यादीत नव्हतं. मी उठलो आणि साहेबांच्या हातातून माइक जवळजवळ काढूनच घेतला. म्हटलं, त्या दिवशी काच गळत नव्हती. बॉयलर तयार होता. टर्बाइनचा रोटर वाकला होता आणि तो मी वाकवला होता. नियम मोडून. मला वाचवायला मुंजानं सहा तास वाफ रोखून धरली, बदनामी घेतली, आणि त्याची जागा मी घेतली. त्यानं मला कधी बोलून दाखवलं नाही आणि मी कधी कुणाला सांगितलं नाही. मी त्याच्या उपकारावर जगलो. एवढं बोललो आणि तुझ्या फोटोकडे बघून म्हटलं, मुंजा, तुझे आभार. इतक्या माणसांसमोर मी पहिल्यांदाच रडलो आणि मला त्याची लाज वाटली नाही.

खाली उतरलो तर साहेब समोर उभे. मला वाटलं, आता बोलतील. ते हळू आवाजात एवढंच म्हणाले, "सुधाकर, मला तेव्हाच सांगितलं असतंस तर मी पाहुण्यांना दुसऱ्या दिवशी बोलावलं असतं."

अमोल आला. माझा दंड धरून मला वडाच्या पारापाशी घेऊन गेला. मी म्हटलं, बोल, तुला हवं ते बोल. तो नदीकडे तोंड करून उभा राहिला. मग त्यानं एकच प्रश्न विचारला.

"काका, बाबांची वाफ नक्की किती वाजता तयार होती?"

"साडेअकराला. द्यायची होती बाराला."

"म्हणजे लेट नव्हती."

"नाही रे. अर्धा तास आधीच होती."

त्यानं मान हलवली आणि गेला. शेवटी घरच्यांतर्फे आभार मानायचे होते. त्याच्या हातात नावांचा कागद होता. भाऊबंद, सोसायटी, कंपनी, घाटावरचे गुरुजी, सगळ्यांची नावं नीट लिहिलेली. त्यानं तो कागद उघडला आणि पुन्हा त्याची घडी केली. आईकडे पाहिलं. मग माइक तोंडाजवळ नेला, आणि एखादं रीडिंग लिहून घ्यायला सांगावं तसं, सावकाश म्हणाला, "मी मुंजाजींचा मुलगा. माझ्या बाबांचा बॉयलर त्या दिवशी साडेअकराला तयार होता."